फुटणाऱ्या लाटेत वाळू किती ढवळली जाते, हे मोजतात कसं?

मालवणला लाट फुटली की पाणी गढूळ होतं, त्यात वाळू किती ते कसं कळणार, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचा. आमच्या रंकाळा तलावाची लाट काठाला नुसती टेकते, फुटत कुठली! पण एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हेच मोजलंय, आणि पहिल्यांदा सपशेल चुकलोय.

ओहोटीला वाळूत लोखंडी पाइप ठोकायचा आणि त्याला तळाच्या जरा वर सेन्सर बांधायचा. तो पाण्यात अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश सोडतो आणि कणांवर आपटून परत किती आला ते मोजतो. मेख इथेच आहे. तेवढ्याच वजनाचा बारीक गाळ वाळूपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परतवतो. आम्ही शहाण्यांनी घरचाच म्हणून पंचगंगेचा गाळ बादलीत कालवून कॅलिब्रेशन केलं होतं, म्हणजे किती गाळाला सेन्सर किती आकडा दाखवतो ते जुळवून ठेवलं होतं. समुद्रावर डोळ्यांसमोर वाळू उसळतेय आणि आकडा म्हणतोय, पाणी जवळपास स्वच्छ! शेवटी तिथलीच वाळू पोत्यात भरून आंबा घाटातून वर आणली आणि सगळं पुन्हा केलं.

दुसरा वैताग बुडबुड्यांचा. सेन्सरला तेही वाळूच वाटतात. लाट कमान करून कोसळते तेव्हा पाण्याचा झोत थेट तळापर्यंत जातो, भोवरे वाळू उचलतात, पण नेमका त्याच क्षणी फेस असल्याने आकडा भरवशाचा नसतो. नुसती माथ्यावर फेसाळत येणारी लाट त्या मानाने सोपी, तिची खळबळ बरीचशी वरच राहते. वाळू उचलते ती ही खळबळच, म्हणून पाण्याचा वेगही ध्वनिलहरींच्या यंत्राने वेगळा मोजतात. त्यातून लाटेची नियमित ये-जा वजा केली की उरते ती खळबळ.

आणि तळापासूनची उंची दर वेळी मोजा. पाइपभोवती खड्डा पडतो, कधी सेन्सरच पुरला जातो, आणि दोन-चार सेंटिमीटरांनी वाळूचं प्रमाण पार बदलतं.

घरच्या घरी करायचं असेल तर गुडघाभर पाण्यात, लाट फुटल्या फुटल्या लिटरची बाटली भरा. वाळू बसू द्या, वरचं पाणी ओता, मग गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. नाहीतर मीठच वजनात येईल, लिटरला साधारण ३५ ग्रॅम असतं ते. वाळवून उरते चिमूटभर वाळू, किचनच्या काट्यावर धड दिसतही नाही. मी गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, एका ओळखीच्या सोनाराकडे नेली होती. त्याने आधी पुडी उघडून बोटाने चाचपली, मगच काट्यावर ठेवली.