बंद घरात चोरी झाली तर थेट एलसीबीकडे, म्हणजे जिल्हा पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेकडे जाता येतं का? ही शाखा असते कशी, माणसं किती, त्यांना निवडतं कोण?

थेट जाता येत नाही. गेलात तर चहा पाजतील आणि ठाण्याला पाठवतील. स्थानिक गुन्हे शाखा हे पोलीस ठाणं नाही, तिथे फिर्याद नोंदवत नाहीत. गुन्हा दाखल होतो तो तुमच्या ठाण्यात. एलसीबी करते तो समांतर तपास. आरोपी त्यांनी पकडला तरी शेवटी ठाण्याच्याच ताब्यात देतात आणि दोषारोपपत्र ठाण्याचा तपासी अंमलदार लिहीत बसतो. हे मी चिडून लिहितोय असं वाटेल. वाटू दे. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं ठाण्याच्या डीबीत, म्हणजे गुन्हे शोध पथकात काढली. माझा साडू एलसीबीत होता.

रचना सांगतो. जिल्ह्याला एक शाखा, वर एक पोलीस निरीक्षक, तो थेट एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना उत्तर देतो. हाताखाली मोजके सहायक निरीक्षक, उपनिरीक्षक, बाकी सगळा भार हवालदार-शिपायांवर. वेगळी भरती नाही. ठाण्यात ज्याचे खबरी चांगले, त्याला एसपींच्या आदेशाने उचलून नेतात. म्हणजे ठाण्याचा चांगला माणूस जातो आणि ठाण्यात बंदोबस्त, समन्स, रात्रगस्त तेवढीच राहते. सायबर आणि आर्थिक गुन्हे यांचा कारभार वेगळा, श्वान पथक आणि ठसेवाले वेगळे. जिल्हा विशेष शाखेला लोक उगाच गुन्हे शाखा समजतात. ती मोर्चे, सभा आणि गोपनीय माहितीवाली. मुंबई-ठाण्यासारख्या आयुक्तालयात गुन्हे शाखेची युनिटं असतात, तो प्रकार निराळा. आणि सीआयडी म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेली राज्याची यंत्रणा. आमच्याकडे साध्या कपड्यातला कुणीही दिसला की लोक ‘सीआयडी’ म्हणतात, ते सोडा.

आता तुमच्यासारखीच एक केस. चाकरमानी गणपतीला आले, कुलूप शाबूत, आत दोन हंडे, घंगाळ, समया, तांब्याचा बंब गायब. फिर्यादीत चोरीची वेळ काय लिहिली? मे ते ऑगस्ट! तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम ४५७, ३८०, म्हणजे रात्रीची घरफोडी आणि घरातली चोरी. पावसात कुत्रं काय हुंगणार, ठसे कुठले मिळणार. सगळ्यांनी मनातल्या मनात ‘अ समरी’ करून टाकली होती, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही.

मी मागच्या पडवीवर शिडी लावली. चार कौलांवरचं शेवाळ बोटांनी खरवडलेलं, त्यावर नवं बारीक हिरवं धरलेलं. म्हणजे काल-परवाचं काम नव्हे, तीनेक आठवडे झालेले. पण चारही कौलं खाचेत अशी बसवलेली की घरात थेंब गळला नव्हता. बाहेरचा चोर कौल फोडतो. काढलेलं कौल भर पावसात परत नीट बसवणारा माणूस शाकारणीवालाच, म्हणजे छपरं दुरुस्त करणारा. वाडीत विचारलं, श्रावणात गळती काढायला कोण फिरत होतं? एकच नाव आलं. तीन दिवस मी त्या माणसाच्या वाटेवरच्या टपरीवर भजी खात बसलो. तो टेम्पोतून घाट चढून जातो आणि कुठल्या भंगारवाल्याकडे उतरतो, एवढं कळलं. साहेबांकडे गाडी मागितली. गाडी विसर्जनाच्या बंदोबस्ताला. साहेबांनी फोन लावला एलसीबीला.

ते गेले, भंगारवाला आणला, घंगाळ आणलं. काठावरचं नाव कानशीने घासलेलं, पण ‘स्मरणार्थ’मधला ‘र्थ’ तेवढा राहिला होता. घरच्या म्हातारीने तो अंगठ्याने चाचपला आणि सासऱ्यांचं नाव घेऊन रडायला लागली. पंचांपुढे ओळख पटली ती त्या ‘र्थ’वर.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘स्थानिक गुन्हे शाखेची धडाकेबाज कामगिरी’. भांडी पुढे मांडलेली, मागे अकरा माणसं उभी. डावीकडून तिसरा माझा साडू, हात घंगाळावर. मी नाही. माझ्या ठाण्याचं नाव शेवटच्या ओळीत, ‘पुढील तपास करत आहेत’. दर गणपतीत हा विषय निघतो. तो म्हणतो, “तुझो नुसतो संशय होतो, मुद्देमाल आमी आणलो.” मी म्हणतो, शिडीवर कोण चढला होता?

म्हणून सांगतो, ठाण्यातच जा आणि तिथल्या डीबीच्या हवालदाराला गाठा. साहेब बदलून जातात, वाडीतला माणूस न् माणूस ओळखतो तो हवालदार. भांड्यांवर काय नाव, कुठे पोचा, कुठे डाग लावलेला, सगळं फिर्यादीत लिहून घ्या; ‘जुनी तांब्या-पितळेची भांडी’ असं मोघम लिहू देऊ नका. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागा. छपरावर आणि मागल्या दारी आधी पोलिसांना जाऊ द्या. तुम्ही झाडलोट करून ठेवलीत तर मग एलसीबी काय आणि एलसीबीचा बाप काय. आठ-पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर एसपी ऑफिसला अर्ज द्या. तपास एलसीबीकडे द्यायचा का ते तिथून ठरतं.

एक मान्य करतो, नाहीतर साडू हे वाचून फोन करेल. टोळी बाहेरची असेल तर ठाणं तोकडं पडतं. २४ मार्च २०१२ ला रायगड जिल्ह्यात दिवेआगरला देवळातला सुवर्णगणेशाचा मुखवटा नेला, दोन पहारेकऱ्यांना मारलं. आरोपी जिल्ह्याबाहेरचे, सोनं वितळवून टाकलेलं. असल्या तपासाला चार-पाच पथकं, गाड्या आणि रात्री-अपरात्री दुसऱ्या जिल्ह्यात जायची मोकळीक लागते. ती एलसीबीकडे असते. मोबाईलच्या सीडीआरचं, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला त्या नोंदींचं कामही त्यांच्याकडे जास्त झटपट होतं.

पण तुमच्या घराची कौलं फोडली आहेत की काढली आहेत, ते आधी बघून कळवा.