वाचकांचे प्रश्न : ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ घरी पाहताना

दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या १९६५च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’बद्दल या वेळी चार पत्रं निवडली आहेत. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’नंतर पुढच्या वर्षी आलेला हा दुसरा भाग. गोष्ट स्वतंत्र आहे, पहिला भाग पाहिला नसला तरी काही अडत नाही.

प्रश्न : काकांनी दुबईहून आणलेली या सिनेमाची व्हीएचएस कॅसेट तीसेक वर्षं कपाटात आहे. ती संगणकावर घ्यायची आहे. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरं काहीतरी दिसतंय. व्हीसीआरमध्ये घालून पाहू का? (रत्नागिरी)

मुळीच नको. ती बुरशी आहे. कॅसेट लावलीत तर बुरशी हेडवर, म्हणजे व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसेल आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. शिवाय टेपचे वेढे एकमेकांना चिकटलेले असले तर टेप फाटेल ती वेगळीच.

कॅसेट पालथी करा. खाली पाच स्क्रू दिसतील, ते काढून पुन्हा सुलटी करा आणि वरचं झाकण सरळ उचला. आतल्या टेपचा मार्ग आधी मोबाइलवर टिपून ठेवा, नाहीतर परत जुळवताना घोळ होतो. पावडर कोरडी असेल तर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने कडेकडेने झाडा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेलं, धागे न सुटणारं कापड रिळाच्या सपाट बाजूवरून फिरवा. टेपच्या चकाकत्या पृष्ठभागाला बोट लावू नका. दोन्ही रिळं दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवा आणि टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा. हे काम चांगल्या व्हीसीआरवर करू नये, एखादा टाकाऊ घ्यावा.

व्हीसीआरचे हेड पुसताना ते ज्यावर बसवलेले असतात तो गोल ड्रम हाताने फिरवायचा आणि अल्कोहोल लावलेलं शॅमॉय (मऊ चामडं) एका जागी स्थिर धरायचं. वरखाली घासलंत तर हेड तुटलंच समजा. कान साफ करायची कापसाची काडीही चालत नाही, तिचे धागे अडकतात.

रेकॉर्डिंगसाठी एस-व्हिडिओ (जास्त स्वच्छ चित्र देणारी जोडणी) असलेला व्हीसीआर मिळाला तर उत्तम, नाहीतर नेहमीची पिवळी व्हिडिओ पिन. दुबईची कॅसेट पाल (PAL, सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) असणार, म्हणून ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दाखवणारं चित्र) अशी सेटिंग ठेवा. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे या सिनेमाला २८ जीबी जागा धरा. चित्राची कड डावीउजवीकडे लहरत असेल तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या ओळी सरळ जुळवणारं यंत्र, लागतो. सॉफ्टवेअरने ती लहर नीट जात नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कॅसेटवर चित्र जुन्या चौकोनी टीव्हीचा पूर्ण पडदा भरत असेल तर मूळ रुंद चौकटीचा जेमतेम ५७ टक्के भाग तुमच्याकडे आहे, बाकी दोन्ही बाजूंनी कापलाय. काकांची आठवण म्हणून जरूर जपा, पाहायला मात्र डिस्क घ्या.

प्रश्न : माझी डीव्हीडी १२७ मिनिटांची आहे, सगळीकडे मात्र १३२ लिहिलेलं असतं. सेन्सॉरने कापली का? (सोलापूर)

बहुतेक नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, पाल डीव्हीडी २५ने. म्हणून १३२ मिनिटांचा सिनेमा १२६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतो. कोणत्याही पाल डिस्कचा वेळ २५ने गुणा, २४ने भागा. उत्तर १३२च्या आसपास आलं तर सिनेमा पूर्ण आहे. १२६-१२७ किंवा त्याहून कमी आलं तरच काहीतरी गाळलंय असं समजावं.

वेगाबरोबर सूरही चढतो. पेटीवर एका सुरापासून लगेच शेजारच्या सुरापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या साधारण ७० टक्के. संवादात ते कळत नाही, पण संगीतकार एनियो मोरिकोनेने रचलेली खिशातल्या घड्याळाची धून जरा चिरकी लागते. काही डिस्कांवर सूर परत खाली आणलेला असतो, तिथे हा फरक ऐकू येणार नाही.

प्रश्न : भाऊ अमेरिकेतून डिस्क आणणार आहे. इथे चालेल का? (पुणे)

डिस्क कोणत्या देशांत चालेल हे तिच्या रीजनवरून ठरतं. डीव्हीडी रीजन १ची असेल, आपला रीजन ५. बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटवरून रीजन काढता येतो. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये मात्र तो फक्त पाच वेळा बदलता येतो, नंतर कायमचा अडकतो. ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी, त्यामुळे कव्हरवर ‘रीजन ए’ असेल तर इथला प्लेअर ती नाकारेल. फोरके (4K) ब्लू-रे डिस्कला ही अडचण नाही, पण त्याच डब्यातली जोडीची ब्लू-रे कुलूपबंद असू शकते. फोरके प्लेअर नसेल तर भावाला आधीच सांगा.

प्रश्न : नवी ब्लू-रे लावली तर चेहरे मेणाचे वाटतात, ओठ आणि संवाद जुळत नाहीत, वरखाली काळ्या पट्ट्या येतात. डिस्क खराब आहे का? (नाशिक)

तीन तक्रारींची तीन कारणं आहेत.

ओठ न जुळणं हे सिनेमातलंच आहे. सेटवरचा आवाज वापरलेला नाही. नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळं नंतर डब होई. इंग्रजी ट्रॅकवर क्लिंट ईस्टवुड आणि ली व्हॅन क्लीफ या दोन प्रमुख नटांचे स्वतःचे आवाज आहेत. इटालियन ट्रॅकवर ईस्टवुडचा आवाज एन्रिको मारिया सालेर्नो या नटाचा. त्यामुळे ‘मूळ भाषा कोणती’ हा वाद घालण्यात अर्थ नाही. आम्ही इंग्रजी मोनो निवडू. टीव्हीवर शंका असेल तर ईस्टवुड आणि व्हॅन क्लीफ रात्री रस्त्यात एकमेकांच्या टोप्या उडवतात तो प्रसंग लावा. बंदुकीची ठिणगी आणि आवाज एकत्र आले तर यंत्रणा ठीक आहे. आवाज आधी आला तर ऑडिओ डिले २० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढवा. मागून आला तर साउंडबारचं ब्लूटूथ काढून वायर लावा.

मेणाच्या चेहऱ्यांचं मूळ टेक्निस्कोप या चित्रीकरणाच्या पद्धतीत आहे. रोमच्या टेक्निकलर लॅबने काढलेल्या या पद्धतीत एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी दोनच छिद्रांची उंची मिळते. फिल्म निम्मी लागते, हजार फुटी रीळ ११ऐवजी २२ मिनिटं चालतं. साध्या भिंगाने रुंद चित्र मिळतं, जवळचे चेहरेही वाकडे होत नाहीत. लिओनेचे ते डोळ्यांपुरते क्लोजअप आठवा. पण एवढीशी फ्रेम मोठ्या पडद्यावर ताणली की दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके, मोठा दिसतो, तो असायलाच हवा. कोणी नॉइज रिडक्शनने (ठिपके काढणाऱ्या सेटिंगने) तो पुसला की दाण्याबरोबर कातडीही पुसली जाते. आधी टीव्हीवरचं नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद करा, शार्पनेस शून्यावर आणा, पिक्चर मोड ‘सिनेमा’ ठेवा. मग खलनायक झालेल्या जान मारिया व्होलोन्तेच्या क्लोजअपवर पॉझ करा. घामाचे थेंब आणि दाढीचे खुंट सुटे दिसले तर दोष टीव्हीचा होता. तरीही सगळं गुळगुळीतच असेल तर ते डिस्कवरच पुसलं गेलंय, कुठल्याही सेटिंगने परत येणार नाही.

काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्र २.३५ : १ आहे, टीव्ही १.७८ : १. झूम केलंत तर रुंदीचा २४ टक्के भाग जातो. शेवटचं द्वंद्व स्पेनमधल्या अल्मेरिया भागात, लोस अल्बारिकोकेस गावाच्या गोल खळ्यावर चित्रित झालंय, तेच धान्य मळायचं खळं. तिथे माणसं चौकटीच्या दोन टोकांना उभी राहतात. झूममध्ये खळ्याची मधली माती मोठी दिसेल आणि बंदुका कडेबाहेर जातील.