कॉम्बो येतात, मग हरतो का?

प्रश्न : ताई, ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मी रियू हे पात्र घेऊन खेळतो. ट्रेनिंग मोडमध्ये लांबलचक कॉम्बो (एकामागून एक जोडलेले फटके) बिनचूक बसतात. पण ऑनलाइन मॅच लागली की समोरचा नुसता उड्या मारत अंगावर येतो आणि मी हरतो. जो तो म्हणतो, आधी फंडामेंटल्स पक्के कर. म्हणजे नेमकं करू काय?

उत्तर : समोरच्याच्या उड्या बंद होईपर्यंत कॉम्बोचा सराव थांबवा. कॉम्बो लागतो तो पहिला फटका बसल्यावर, आणि तुमची अडचण त्याच्या आधीची आहे. १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ आला, तेव्हा कॉम्बो मुद्दाम आखलेले नव्हते. गेम तयार होताना ते योगायोगाने सापडले आणि तसेच राहू दिले. लढत उभी होती ती अंतरावर, ब्लॉकवर आणि उडी पाडण्यावर, म्हणजे उडी मारून येणाऱ्याला हवेतच फटका देण्यावर. आजही तिथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

उडी मारणारा मोठी जोखीम घेत असतो. या गेममध्ये हवेत ब्लॉक करता येत नाही, आणि एकदा पाय सुटले की तो कुठे उतरणार हेही जवळपास ठरलेलं असतं. ही उडी साधारण पाऊण सेकंदाची. खाली बसून हेवी पंच मारायला तेवढा वेळ पुरतो. रियूचा तो पंच वरच्या दिशेनेच जातो. तरी तुमच्याकडून तो निघत नाही, कारण बहुतेक तुमची नजर रियूवर असते. नवीन खेळणारा आपल्याच पात्राकडे बघत पुढची मूव्ह मनात जुळवत बसतो. रियू काय करतोय हे तुमच्या बोटांना ठाऊकच आहे. डोळे समोरच्यावर ठेवा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून मी एक सराव करून घेते. ट्रेनिंग मोडमध्ये डमीच्या, म्हणजे सरावासाठी समोर उभ्या असलेल्या पात्राच्या, हालचाली रेकॉर्ड करता येतात. एका स्लॉटमध्ये पुढे उडी आणि किक, दुसऱ्यात हाडूकेन (लांबून सोडलेला ऊर्जेचा गोळा), तिसऱ्यात चालत जवळ येऊन थ्रो (पकडून आपटणं). मग तिन्ही कुठल्याही क्रमाने येतील असं सेटिंग लावा. उडी दिसली की पंच, हाडूकेन दिसला की ब्लॉक, थ्रो आला की थ्रोचीच बटणं दाबून सुटका. एकटी उडी रेकॉर्ड करून चालत नाही, हे आवर्जून सांगते. तसं केलं की बोटं ठेक्यावर पंच मारू लागतात आणि बघणं बंद होतं. सरावात दहापैकी दहा उड्या पडतात, खऱ्या मॅचमध्ये एकही नाही! तीन गोष्टी मिसळल्या की आधी बघावंच लागतं. सुरुवातीला हाडूकेनवर पंच निघेल, अंगावर फटका बसेल. बसू द्या. डोळ्यांना फरक कळायला लागल्याची ती खूण आहे. शोर्युकेनची, म्हणजे रियूच्या उसळत्या खास पंचाची, घाई करू नका, आधी हा एका बटणाचा पंच हुकमी होऊ दे.

एरवी बसून ब्लॉक करत राहा, उडी मारून आलेला फटका मात्र उभ्याने अडवावा लागतो. आणि हाडूकेन जवळून सोडू नका. तो सोडताना रियू काही क्षण अडकून पडतो, नेमकी तीच वेळ साधून समोरचा वरून येतो. जरा मागे सरकून सोडलात तर त्याची उडी अपुरी पडते आणि तो तुमच्या पंचाच्या टप्प्यात उतरतो.

मॅच संपली की रिप्ले लावा. निकाल सोडून द्या. त्याने उड्या किती मारल्या आणि तुम्ही किती पाडल्या, एवढंच मोजा. हा आकडा सुधारला की समोरचा आपोआप जमिनीवर चालायला लागेल. मग कॉम्बो पुन्हा हाती घ्या, तेव्हा ते लावायला जागा मिळेल.

प्रश्न : माझं वय पन्नाशीकडे झुकलंय. हात पूर्वीसारखे चपळ नाहीत. या वयात हे गेम शिकणं जमेल का?

उत्तर : नक्की जमेल. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सवर, म्हणजे ६० चित्रांवर चालतो. सर्वांत जलद पंच चौथ्या फ्रेमलाच लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. डोळ्यांनी बघून हात हलवायला तरुण माणसालाही सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. म्हणजे तो पंच बघून कुणीच अडवत नाही, सगळे आधीच ओळखून ब्लॉक धरतात. २००४ च्या ‘इव्हो’ या फायटिंग गेम्सच्या स्पर्धेत, याच मालिकेतल्या जुन्या गेममध्ये, केन घेऊन खेळणाऱ्या दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राच्या सुपरचे (सर्वांत मोठ्या खास हल्ल्याचे) सगळे १५ फटके परतवले, तेव्हा केनचं आयुष्य नाममात्र उरलं होतं. वाँग आता सुपर टाकणार, हे दाइगोने ओळखलं होतं. असं ओळखणं वयानुसार कमी होत नाही.

बघून उत्तर देता येतील अशाही गोष्टी आहेत. उडीबद्दल वर लिहिलंच आहे. ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा या गेममधला जोरदार धडकेचा हल्ला २६ फ्रेम्सने लागतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाला थोडा कमी. त्याला उलट ड्राइव्ह इम्पॅक्टनेच उत्तर द्यायचं. वरच्या सरावात चौथ्या स्लॉटमध्ये तोही रेकॉर्ड करून ठेवा.