जुन्या स्पोर्ट्स कारचं इंटिरिअर पूर्ण नवं करावं की मूळचं राखावं?

तुम्ही लिहिलंय की साठच्या दशकातली एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, घेतली आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण सीटचं लेदर तडकलंय, कार्पेट विटलंय आणि काम करणारा म्हणतोय, सगळं उचकटून नवं किट टाकू. टाकावं का?

सरसकट टाकू नका. जे डोळ्यांना दिसत नाही ते निःशंक बदला. पण जिथे आधीच्या मालकाचे हात रोज लागले, ते अगदीच नाइलाज झाला तरच बदला. माझ्याकडेही सुरुवातीच्या काळातली एमजीबी आहे आणि हे मत तिच्यासोबत राहूनच बनलंय. बॉडीचा आकार रस्त्यावरचे लोक बघतात, मालकाचं सगळं आयुष्य आत बसून जातं. म्हणून जुन्या मालकांना विचारलं तर ते बहुतेक वेळा आतल्याच गोष्टी सांगतात.

१९६२ मध्ये आलेल्या एमजीबीचा डॅश पत्र्याचा होता, त्यावर सुरकुत्या पडल्यासारखा खरखरीत काळा रंग. खटक्याची बटणं. चोक ओढायचा आणि जागेवर राहावा म्हणून जरा पिळायचा. ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान एकाच गोल मीटरमध्ये, आणि त्या मीटरपर्यंत इंजिनमधून खरोखरच तेलाची नळी येते. गरम इंजिनवर गाडी थांबली की काटा खाली बसतो, वेग घेतला की चढतो. ही गाडी चालवणाऱ्याची नजर आपोआप तिकडे जाते. आणि समोरच्या काचेच्या मधोमध एक उभी दांडी असते, आरसा तिलाच पकडलेला. स्क्रू ढिला करून आरसा वर-खाली सरकवता येतो, म्हणजे चालवणारा बदलला की आरशाची जागाही बदलते.

माझ्या गाडीच्या पहिल्या मालकीणबाई एकदा गाडी बघायला आल्या. आता बऱ्याच वयस्कर आहेत. पहिल्या नोकरीच्या पैशांतून त्यांनी ही गाडी घेतली होती. बॉनेट उघडून दाखवू का म्हटलं तर नको म्हणाल्या. आत बसल्या, आरसा दांडीवर थोडा खाली घेतला, आणि न बघता हात डॅशच्या कडेला ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे इंजिनचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरच्या, खटक्यावर गेला. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये तो खटका दाबला की इंजिनचा आवाज एकदम उतरतो. तो आवाज उतरला की घर सुटल्यासारखं वाटायचं, असं त्या म्हणाल्या. डॅशखाली एक बारीक भोक आहे. रंगकाम करणाऱ्याने ते बुजवायला सांगितलं होतं, मी ठेवलं होतं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे माझा नकाशा वाचायचा दिवा होता. मीच ड्रिल केलं होतं.” ते भोक मी आता कधीच बुजवणार नाही.

प्रत्येक गाडीची आठवण वेगळ्या जागी असते. मर्सिडीज ३०० एसएल गलविंगमध्ये चौकटीमुळे दाराचा उंबरा इतका उंच आहे की आत शिरण्यासाठी स्टिअरिंग खाली वळवावं लागतं, तिथे सगळे त्या बसण्याबद्दलच बोलतात. जुन्या पोर्शे ९११ मध्ये डॅशवरच्या पाच गोल मीटरांच्या मधोमध मोठा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर) आणि किल्ली दाराच्या बाजूला. जॅग्वार ई-टाइपच्या १९६१ च्या गाड्यांत डॅशच्या मधल्या भागावर नक्षीदार अॅल्युमिनियम होतं, १९६३ मध्ये ते जाऊन काळं आवरण आलं. सुरुवातीचे मालक त्या चकाकीची आठवण अजून काढतात.

हे तुमच्या उपयोगाचं अशासाठी की कॅटलॉगमधलं किट तुमच्या वर्षाचं असेलच असं नाही. १९६८ पासून अमेरिकेत नवे सुरक्षा नियम लागू झाले आणि तिथे जाणाऱ्या एमजीबीला जाड गादीचा डॅश मिळाला, त्यात ग्लोव्हबॉक्सच नव्हता. कारखाना इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनचा, म्हणून शौकीन त्याला अॅबिंग्डन पिलो, म्हणजे अॅबिंग्डनची उशी, म्हणतात. सीटचं लेदरही पुढे जाऊन व्हिनाइल, म्हणजे नकली लेदर, झालं. तुमची गाडी मुळात कोणत्या रंगाच्या ट्रिमसह, म्हणजे आतल्या सीट-आवरणांसह, निघाली हे ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्रात मिळतं. आधी ते मागवा, मग कापड निवडा.

आता काम. सगळ्यात आधी कार्पेट उचला. त्याखालचं नमद्याचं (जाड दाबलेल्या लोकरीसारखं) अस्तर पाणी धरून ठेवतं आणि पत्रा खालून नाही, वरून सडतो. ते अस्तर फेकून द्या, फ्लोअर आणि सिल (दाराखालची लांब पत्र्याची पेटी) नीट तपासा. सिलवर या गाडीची ताकद उभी आहे, तिथे भावनेला जागा नाही. सीटच्या आतला फोम चुरा झाला असेल, खालचं रबर ढिलं पडलं असेल. दोन्ही नवं घाला. नव्या फोमवर जुनं लेदर पुन्हा ताठ बसतं आणि अर्धं म्हातारपण तिथेच उतरतं.

लेदरवर बहुतेक वेळा आधी रंगाचा थर जातो आणि शिलाईचा दोरा कुजतो, कातडं शाबूत असतं. अंग वाळून तुकडे पडत नसतील तर जुन्याच भोकांतून पुन्हा शिवून घ्या, चीर असेल तर आतून ठिगळ लावा. सौम्य साबण, जेमतेम ओलं फडकं, आणि आधी मागच्या कोपऱ्यात करून बघा. चकाकी देणारे सिलिकॉनचे स्प्रे लावू नका, नंतर त्यावर रंग धरत नाही. व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने उडून जातं, मग ते आक्रसतं आणि तडकतं. म्हणून गाडी उघड्यावर उभी करताना कव्हर घाला.

ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बहुधा सगळ्यात जास्त झिजलेली असेल, कारण प्रत्येक वेळी तिच्यावरूनच घसरत आत बसतात. ती झीज मी तरी रंगवून लपवणार नाही.

काहीही सोडण्याआधी भरपूर फोटो काढा, आणि जे बदलाल ते जुनं कव्हर, जुनी बटणं, एकेक स्क्रूसुद्धा चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. जुन्या कागदांत आधीच्या मालकाचा पत्ता सापडला तर काम सुरू करायच्या आधीच त्यांना पत्र टाका.