वजाबाकी उणे आली, हे बरेच झाले

प्रश्न : मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ॲरेमधल्या (म्हणजे संख्यांच्या यादीतल्या) सर्वांत जवळच्या दोन संख्या शोधायचा प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. प्रत्येक संख्या इतर प्रत्येकीशी ताडून बघायला एकात एक दोन लूप लावले, तर लाखभर संख्यांना फार वेळ लागतो. म्हणून आधी सॉर्ट केले, म्हणजे संख्या क्रमाने लावल्या, प्रत्येक संख्येतून तिच्या मागची वजा केली आणि सर्वांत लहान वजाबाकी घेतली. ९, १२, १००, ३५, ४८ दिल्यावर उत्तर आले उणे ८८. मित्र म्हणाला, मॅथ.ॲब्स लाव, म्हणजे उणे चिन्ह जाईल. लावले, तर १३ आले. पण ९ आणि १२ मध्ये ३ चाच फरक आहे! चुकतेय कुठे?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मित्राचा ॲब्स आधी काढून टाका. चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत पुढच्या संख्येतून मागची वजा केली, तर उत्तर उणे येऊच शकत नाही. ते आले, म्हणजे यादी चढत्या क्रमाने लागलेलीच नाही. उणे ८८ ओरडून हेच सांगत होते. ॲब्सने त्याचे तोंड बंद केले आणि १३ असे साळसूद, पण चुकीचे उत्तर हातात ठेवले. माझ्या लॅबमध्ये अशा जागी ॲब्स दिसला, की मी आधी सॉर्टची ओळ बघते.

सॉर्टनंतरचा ॲरे छापून बघा: १००, १२, ३५, ४८, ९. जावास्क्रिप्टच्या सॉर्टला काही सांगितले नाही, तर तो प्रत्येक संख्येची स्ट्रिंग (अक्षरांची माळ) करतो आणि अक्षराला अक्षर लावून तुलना करतो. १०० आणि १२ दोन्ही १ ने सुरू होतात, दुसऱ्या जागी ० हा २ च्या आधी, म्हणून १०० पुढे. ९ सगळ्यांत शेवटी. (संख्यांच्या यादीला हे वागणे कुणाला कधी हवे असते, देव जाणे.) सॉर्टच्या कंसात दोन संख्या घेऊन पहिलीतून दुसरी वजा करून परत देणारे छोटे फंक्शन द्या. मग ९, १२, ३५, ४८, १०० असा क्रम लागेल आणि उत्तर ३ येईल.

रीत मात्र तुमची अगदी बरोबर आहे. ९ आणि ३५ च्या मध्ये १२ बसलाय, त्यामुळे ९ ला ३५ पेक्षा १२ जवळचा असणारच. शेजार सोडून लांब बघायची गरज नाही. दोन लूपमध्ये लाख संख्यांच्या ४९९ कोटी ९९ लाख ५० हजार जोड्या होतात. सॉर्ट झाल्यावर वजाबाक्या फक्त ९९,९९९. सॉर्टचा खर्च वेगळा, पण तो त्या कोट्यवधींपुढे किरकोळ.

आणखी एक. सॉर्ट मूळ ॲरेच उलटापालटा करतो. जोडी मूळ यादीत कितव्या जागी होती हेही हवे असेल, तर प्रत्येक संख्येसोबत तिचा इंडेक्स बांधून मग सॉर्ट करा. आणि फरक शून्य सापडला, की तिथेच ब्रेक मारा. त्याहून जवळ काही मिळणार नाही.