स्क्रायबसमध्ये (पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पानाचा नेमका मध्य कसा काढायचा आणि तिथे खूण कशी करायची?

तुमची स्मरणिका ए५ आकाराची आहे, म्हणून तेच पान धरून सांगतो.

आधी ठरवा, मध्य कशाचा हवाय? कागदाचा की मजकुराचा? ए५ पान १४८ × २१० मिमी, म्हणजे कागदाचा मध्य डावीकडून ७४ आणि वरून १०५ मिमीवर. पण बांधणीच्या बाजूला २० आणि बाहेरच्या बाजूला १४ मिमी समास सोडलात, तर मजकुराचा मध्य ३ मिमी बाहेर सरकतो. उजव्या पानावर तो उजवीकडे जातो, डाव्या पानावर डावीकडे. लेखांची शीर्षकं आणि पृष्ठांक मी नेहमी मजकुराच्या मध्यावर ठेवतो. कागदाचा मध्य फक्त मुखपृष्ठासाठी.

आता खूण, म्हणजे गाइड: पडद्यावर दिसणारी पण छापली न जाणारी रेषा. 'पेज' मेनूत 'मॅनेज गाइड्स' उघडा आणि 'कॉलम/रो' टॅबवर जा. आडव्या गाइडची संख्या १, उभ्याची १. 'रेफर टू'मध्ये 'पेज' निवडलं की कागदाचा मध्य मिळतो, 'मार्जिन्स' निवडलं की मजकुराचा. बेरीज-वजाबाकी काहीच करावी लागत नाही. मग 'पेज' मेनूतूनच 'स्नॅप टू गाइड्स' चालू करा, म्हणजे चौकट सरकवताना रेषेला चिकटते. एखादंच चित्र मध्यावर आणायचं असेल तर 'अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट' उघडून 'रिलेटिव्ह टू'मध्ये 'पेज' निवडा, गाइडची गरजच नाही. (इनडिझाइन या मांडणीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'लेआउट'मधल्या 'क्रिएट गाइड्स'ने होतं: २ रो, २ कॉलम, गटर (मधलं अंतर) ० आणि 'पेज'. तिथे मापाची पट्टी (रूलर) समोरासमोरची दोन पानं एकत्र धरून मोजत असेल तर उजव्या ए५ पानाचा मध्य ७४ ऐवजी २२२ दिसतो. घाबरू नका, पट्टीवर राइट क्लिक करून 'रूलर पर पेज' करा.)

मुखपृष्ठाकडे मात्र नीट लक्ष द्या. पिन मारायची असेल तर पूर्ण कव्हर म्हणजे आडवा ए४, २९७ × २१० मिमी, आणि घडी बरोबर मध्यावर, १४८.५ वर. पण चिकट बांधणी असेल तर मधे पुस्तकाचा कणा, म्हणजे पानांच्या जाडीएवढी पट्टी येते. कणा ५ मिमी धरला तर कव्हरची रुंदी १४८ + ५ + १४८ = ३०१ होते. कागदाचा मध्य १५०.५ वर, पण घड्या १४८ आणि १५३ वर. म्हणजे मध्यावर घडी नसतेच, तिथे कण्यावरचं नाव येतं. पुढच्या बाजूचा मध्य २२७ वर. स्मरणिकेचं नाव तिथे धरायचं. कण्याची जाडी पानं आणि कागद ठरल्यावर छापखान्यालाच विचारा, त्याशिवाय गाइड टाकू नका.

देवनागरीत आणखी एक गोष्ट आहे. मजकुराची चौकट मध्यावर आली म्हणून अक्षरं मध्यावर येतात असं नाही. चौकटीत वेलांटी आणि उकारांसाठी जागा राखलेली असते, ती चिन्हं नावात नसली तर नाव वर किंवा खाली बसलेलं दिसतं. मोठ्या नावासाठी चौकटीची प्रत काढून ती 'कन्व्हर्ट टू आउटलाइन्स' करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार उरतात) आणि मग मध्यावर आणा. मूळ चौकट दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. शिवाय पूर्ण पानात एकटंच नाव असेल तर ते मोजलेल्या मध्यापेक्षा ४-५ मिमी वर घ्या. अगदी मध्यावरचं नाव डोळ्याला खाली घसरल्यासारखं वाटतं.

घडीची खूण: गाइड छापली जात नाही, आणि स्क्रायबसच्या 'प्रिंटर मार्क्स'मध्ये घडीची खूण नाही, ती हाताने काढावी लागते. ३ मिमी ब्लीड (पानाच्या कडेबाहेरचा, नंतर कापला जाणारा भाग) ठेवा. घडीच्या जागी वर आणि खाली एकेक बारीक तुटक रेघ काढा, पानाच्या कडेपासून १ मिमी बाहेर सुरू होणारी आणि ब्लीडमध्येच संपणारी. म्हणजे कटिंगनंतर ती उरत नाही. पार्श्वभूमीचा रंग ब्लीडपर्यंत असेल तर रेघ त्याच्यावर आणि उठून दिसेल अशा रंगात हवी. पीडीएफ काढताना 'यूज डॉक्युमेंट ब्लीड्स' टिकमार्क करा, फाइल उघडून रेघा दिसतात का ते पाहा आणि फाइलसोबत घडीची मापं मिलिमीटरमध्ये लिहूनही पाठवा.