आधी भिंतीच्या पाठीमागे जा

प्रश्न : हॉलचं पुट्टी, रंग सगळं उरकलं आणि आता वाटतंय की सोफ्यामागच्या भिंतीवर दोन वॉल लाइट हवे होते. वायरमन म्हणतो, झिरी मारल्याशिवाय, म्हणजे वायरसाठी भिंतीत चर कापल्याशिवाय, जमणार नाही. भिंत न फोडता होईल का?

उत्तर : होईल बहुतेक. कन्सीलची, म्हणजे भिंतीच्या आत वायर लपवायची, सवय लागली की आम्हा वायरमन मंडळींचा हात आधी कटरकडे जातो. मी मात्र अशा कामाला गेलो की पहिल्यांदा भिंतीच्या पाठीमागे जाऊन येतो. पलीकडे बेडरूम आहे का? भिंतीला कपाट टेकलंय का? जवळपास स्विचबोर्ड आहे का? असेल तर दिव्याच्या जागी आरपार भोक पाडायचं, वायर पलीकडे काढायची आणि कपाटामागून पट्टीतून (भिंतीवर बसवायच्या पोकळ प्लास्टिक पट्टीतून) बोर्डापर्यंत न्यायची. बोर्डावर प्लग असेल तर न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची वायर, तिथेच मिळतो. नुसती बटणं असतील तर तो आहे का ते उघडून बघावं लागतं. दोन एलईडी दिव्यांचा लोड किरकोळ, १ चौरस मिमीची वायर पुरते. दिव्याची बॉडी धातूची असेल तर अर्थिंगची तिसरी वायर हवीच, तिथे काटकसर नको.

भोक पाडताना कुठल्याही बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल लावू नका. आतल्या वायरींचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. कॉलम-बीमला तर हातच लावायचा नाही. शेवटचा इंचभर हॅमर बंद करून सावकाश जायचं, नाहीतर पलीकडच्या गिलाव्याचा पोपडा निघतो.

आता यातली अडचण. बटण बेडरूममध्ये जातं. त्यावर रिमोटचा किंवा दोरी ओढून लागणारा दिवा घ्या. दुसरी गोष्ट लोक विसरतात : हॉलचा एमसीबी (त्या खोलीचा सप्लाय तोडणारा खटका) पाडला तरी हे दिवे चालूच राहतील, कारण सप्लाय बेडरूमचा. डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीच्या, झाकणावर तसं ठळक लिहून ठेवा आणि दिवा उघडण्याआधी टेस्टर लावा.

पलीकडे खोली नसून ही घराची बाहेरची भिंत असेल तर स्कर्टिंगवरून (भिंतीच्या पायाशी असलेल्या टाइलच्या पट्टीवरून) आणि पडद्याच्या कोपऱ्यातून पट्टी चढवा, तिला भिंतीचाच रंग मारा. किंवा सरळ प्लगवाले दिवे घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

झिरीच मारायची ठरली तर नुसत्या ठिगळावर भागणार नाही. वॉल लाइटचा उजेड भिंतीला घासत जातो. दिवसा न दिसणारा पुट्टीचा उंचवटा रात्री सावलीसकट उठून दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घासकाम आणि रंग, एवढी तयारी ठेवा.

उंची साधारण पाच ते साडेपाच फूट. पण टेप लावण्याआधी सोफ्यावर बसा आणि कुणाला तरी पेटता दिवा भिंतीशी धरायला सांगा. बल्ब डोळ्यात जाता कामा नये. आणि दिवे आधी आणा, भोक मग. काही दिव्यांची बैठक इतकी अरुंद असते की भोकाची कड बाहेर डोकावते.